अणुबॉम्ब फुटला नाही, तरी शेतं बाद झाली. पालोमारेस गावात काय घडलं?

भंडारा : जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी मोठा स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. तो साध्या स्फोटकांचा स्फोट होता. अणुबॉम्बचा अपघात वेगळा असतो. तो कसा, हे स्पेनमधल्या पालोमारेस या शेतकऱ्यांच्या गावाने भोगलं.

काय घडलं?
१७ जानेवारी १९६६ला हवेत इंधन भरताना अमेरिकेची दोन लष्करी विमानं धडकली. ७ जवान ठार झाले, ४ हायड्रोजन बॉम्ब खाली पडले. एक समुद्रात गेला. तो बाहेर काढायला सुमारे ८० दिवस लागले. एक जवळपास शाबूत सापडला. दोन जमिनीवर आदळून फुटले.

मग अणुस्फोट का झाला नाही?
बॉम्बच्या गाभ्याभोवती साधी स्फोटकं असतात. ती सगळीकडून एकाच क्षणी पेटली तरच अणुस्फोट होतो. इथे तसं झालं नाही. पण गाभ्यातल्या प्लुटोनियमची भुकटी वाऱ्याने शेतात पसरली.

धोका कशाचा?
प्लुटोनियमचे किरण कातडीतून आत शिरत नाहीत. धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली तर मात्र कॅन्सरचा धोका असतो. हा पदार्थ निम्मा व्हायलाच सुमारे २४ हजार वर्षं लागतात. म्हणून टोमॅटोचं पीक नष्ट केलं, सुमारे १,४०० टन माती पिंपांत भरून अमेरिकेला नेली. तरी काही जमीन पुढे कित्येक वर्षं कुंपण घालून बंद ठेवावी लागली.

लक्षात ठेवा : शेतात किंवा भंगारात अनोळखी लष्करी वस्तू दिसली तर हात लावू नका. लांब राहा, ११२ वर कळवा.