मान अवघडली की मानेतली रक्तवाहिनी फाटली? फरक ओळखूया



रक्ताभिसरण शिकवताना मी वर्गात नाडी मोजण्याचा उपक्रम घेतो. मनगटावर नाडी सापडली की मुलं खूश होतात. मग जबड्याखाली, मानेच्या एकाच बाजूला दोन बोटं अलगद ठेवायला सांगतो. (दोन्ही बाजू एकदम दाबू देऊ नका.) "सर, इथं एवढं जोरात का उडतंय?" हा प्रश्न दरवर्षी येतो. मी सांगतो, "मेंदूला जाणारं रक्त इथूनच वर जातं."

दोन वर्षांपूर्वी याच रक्तवाहिनीने आमच्या घरात सगळ्यांना घाबरवलं. तेव्हापासून हा विषय पालकांपर्यंत पोचवायचा असं मनात होतं.

आधी रचना समजून घेऊ

मानेतून मेंदूकडे चार मुख्य धमन्या जातात. दोन पुढच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे. बोटाला लागते ती नाडी यांचीच. उरलेल्या दोन मागच्या बाजूला, मानेच्या मणक्यांना असलेल्या छिद्रांतून वर जातात. त्या हाताला लागत नाहीत.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. मानेला झटका बसला, मार लागला किंवा भिंत मुळातच नाजूक असली, तर आतला थर चिरतो. मग रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरतं. शेतातल्या जुन्या रबरी पाइपाचं आतलं अस्तर सुटलं की पाणी कमी येतं, तसंच हे. वाट अरुंद होते. चिरलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकला की पक्षाघात होतो. आपल्याकडे याला लकवा किंवा 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात.

क्रिकेट पाहणाऱ्यांना फिलिप ह्यूज आठवत असेल. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीच्या मैदानावर उसळता चेंडू या ऑस्ट्रेलियन फलंदाजाच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली लागला. मणक्यांजवळची धमनी फाटली, मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी तो गेला. वय अवघं २५. पण इतकं भयंकर रूप फार क्वचित दिसतं. बहुतेक वेळा चीर लहान असते, बाहेर रक्त येत नाही, आणि चीर पडल्यापासून लकवा मारेपर्यंत काही तास, कधी काही दिवस मिळतात. नेमके हेच दिवस आपण बाम चोळण्यात घालवतो.

आमच्या दाजींचं काय झालं

दाजींचं वय तेव्हा ३८. बीपी नाही, साखर नाही. कटिंग झाल्यावर डोक्याची मालिश आणि शेवटी मान डावी-उजवी कडकन मोडून घ्यायची, ही जुनी सवय. त्या दिवशी संध्याकाळपासून मानेची डावी बाजू आणि जबडा दुखायला लागला. घरात सगळे म्हणाले, मान अवघडली. बाम झाला, शेक झाला, उसण उतरवणाऱ्याकडेही जाऊन आले.

तिसऱ्या दिवशी ताईच्या लक्षात आलं की डावी पापणी थोडी खाली आलीय. "झोप झाली नसंल," असं म्हणून तो विषय संपला. पाचव्या दिवशी सकाळी उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि शब्द जड यायला लागले. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, म्हणून दाजी शेतात निघाले होते. ताईने गाडी अडवली. तिच्या त्या हट्टामुळेच आज ते धडधाकट आहेत.

पहिल्या दवाखान्यात डोक्याचा साधा सीटी स्कॅन झाला. तो नॉर्मल आला. पुढे मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पापणी पाहिली आणि विचारलं, "गेल्या आठवड्यात मानेला काही झालं होतं का?" तोवर मान मोडल्याचं आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली आणि डावी धमनी चिरलेली सापडली.

न चुकता लक्ष द्यावं अशी लक्षणं

१. नेहमीपेक्षा वेगळं, एकाच बाजूचं मान, जबडा, डोळ्यामागचं किंवा डोक्याच्या मागचं दुखणं. अर्धशिशी असणारे लोकही म्हणतात, "हे दुखणं नेहमीचं नाही."

२. त्याच बाजूची पापणी किंचित झुकणे आणि डोळ्याची बाहुली लहान दिसणे. पापणी आणि बाहुलीला जाणारे बारीक मज्जातंतू पुढच्या धमनीच्या भिंतीला चिकटून जातात, म्हणून असं होतं. बाहुल्यांमधला फरक कमी उजेडात जास्त कळतो.

३. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं आवाज येणे.

४. जीभ बाहेर काढल्यावर एका बाजूला वळणे, चव बदलणे.

५. एका डोळ्यापुढे थोडा वेळ अंधारी येऊन परत दिसायला लागणे.

६. मागची धमनी चिरली तर गरगरणे, उलट्या, तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, गिळताना ठसका, आवाज घोगरा होणे, न थांबणारी उचकी. कधी चेहऱ्याची एक बाजू आणि शरीराची दुसरी बाजू बधिर होते.

सहाव्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त सांगतो. तरणा माणूस झोकांड्या खातोय, बोबडं बोलतोय, ओकतोय, असं दिसलं की आपण पटकन ठरवतो, "पिऊन आलाय." त्याला झोपवून ठेवतो आणि मोलाचे तास निघून जातात. आधी विचारा, मान दुखत होती का?

हे कोणाला होतं?

घाबरून जाऊ नका, हा आजार विरळ आहे. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत वर्षाला लाखामागे साधारण तीन रुग्ण आढळले. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास २६ लाख होती. तोच दर धरला तर २६ × ३ म्हणजे वर्षाला ७८. ढोबळ हिशेब आहे, पण 'आपल्याकडे असं नसतं' म्हणण्याइतका हा आकडा लहान नाही. शिवाय तरुण आणि मध्यमवयीन माणसांच्या पक्षाघाताचं हे एक मोठं कारण आहे. म्हणजे आपल्या पालकसभेला येणाऱ्यांचंच वय.

कारण दरवेळी मोठा अपघातच असतो असं नाही. मान मोडणे, जड ओझं उचलणे, जोराची शिंक किंवा खोकल्याची उबळ एवढंही निमित्त पुरतं. काही वेळा निमित्त सापडतच नाही. बेसिनवर मान मागे टाकून केस धुतानाही मानेच्या धमन्यांवर ताण येतो. मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९९३ मध्ये अशा पक्षाघाताला ब्यूटी पार्लरचंच नाव दिलं होतं. लहान मुलांमध्येही, पडल्यानंतर किंवा खेळताना मानेला हिसका बसल्यावर, हा आजार दिसलेला आहे.

निदान कसं होतं?

मानेच्या एक्स-रेत हाडं दिसतात, धमनी नाही. डोक्याच्या साध्या सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव कळतो, मानेतली चीर नाही. त्यासाठी शिरेतून औषध सोडून मान आणि डोक्याची सीटी अँजिओग्राफी करतात, किंवा एमआरआय आणि एमआर अँजिओग्राफी. एमआरआयमध्ये भिंतीत साठलेलं रक्त चंद्रकोरीसारखं दिसतं. डॉपलर सोनोग्राफीचा उपयोग होतो, पण हाडाआडचा आणि कवटीजवळचा भाग तिला नीट दिसत नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' ऐकल्यावरही लक्षणं चालू असतील तर विचारा, "डॉक्टर, मानेच्या रक्तवाहिन्या तपासायच्या का?"

वेळेत सापडलं तर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात आणि बऱ्याच जणांची धमनी तीन ते सहा महिन्यांत भरून येते. दाजींची तशीच आली. मात्र अशी गोळी मनाने घेऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरते.

आपण काय करायचं?

• मान मोडून घेणं बंद. कटिंगवाल्या दादांना आधीच सांगा, "मालिश करा, मान राहू द्या." दोष त्यांचा नाही, मागणी आपलीच असते.

• नवीन, एकाच बाजूचं मानदुखणं असताना मान उतरवून घेऊ नका. आधी डॉक्टर.

• तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, अचानक तोल जाणे, यातलं काहीही दिसलं की लगेच १०८. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी जायचंच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा.

• कुठे जायचं हे आजच ठरवा. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ही आपली मोठी सरकारी रुग्णालयं. आष्टीकरांना अहिल्यानगर, गेवराईकरांना छत्रपती संभाजीनगर आणि अंबाजोगाईकरांना लातूर सोयीचं पडतं. सीटी स्कॅन रात्री चालू असतो का, हे आधीच विचारून ठेवा.

• डॉक्टरांना मागच्या महिन्याभरातलं सगळं सांगा. पडलो, झटका बसला, ओझं उचललं, मान मोडली. लाजू नका.

• शाळेत मूल मानेवर पडलं तर घरी निरोप द्या आणि पुढचे काही दिवस त्याची चाल, बोलणं, डोळे पाहा. पाठीवर उचलून गोल फिरवणे, मान पकडून ओढणे हे खेळ थांबवा.

पुढच्या वेळी नाडीचा उपक्रम घ्याल तेव्हा मुलांना एक वाक्य घरी सांगायला द्या: "मान दुखतीय आणि पापणी झुकलीय, तर बाम नको, दवाखाना." मुलं घरी जाऊन हे नक्की सांगतात. जमलं तर येत्या पालकसभेत हा लेख वाचून दाखवा.