हमी कोणाची, जामीन कोण?



सीमेवरच्या पेठेला राजकारणाची झळ प्रथम लागते, हे आपणांस सांगावयास नको. म्हणूनच एका परदेशी पेठेची हकिगत आपल्यापुढे ठेवीत आहे.

कोरियातील केसाँग हे जुन्या राजधानीचे नगर. तेथील जिनसेंगचे व्यापारी विख्यात. जमा आणि नावे या दोन्ही अंगांनी हिशेब लिहिण्याची त्यांची स्वतःची वहीपद्धती होती. १९५३ च्या युद्धविरामानंतर हे नगर उत्तर कोरियाकडे राहिले.

दक्षिणेतील ह्युंदाई उद्योगाचे संस्थापक चुंग जू-युंग हे मूळचे उत्तरेकडील शेतकरीपुत्र. तरुणपणी वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते घरातून निघाले आणि पुढे सेऊलला तांदळाच्या दुकानात पोती पोहोचवू लागले. आम्हां धान्यवाल्यांना ही गोष्ट जवळची वाटावी! १९९८ साली दोन खेपांत १००१ गुरे सीमेपार नेऊन त्यांनी त्या एका गाईचे ऋण फेडले.

२००० साली त्यांच्या उद्योगसमूहाने केसाँग येथील औद्योगिक वसाहतीचा करार केला. भांडवल व यंत्रे दक्षिणेची, जमीन व मनुष्यबळ उत्तरेचे. डिसेंबर २००४ मध्ये पहिला माल, म्हणजे स्वयंपाकाची भांडी, बाहेर पडला. पुढे कारखाने सुमारे १२४ व कामगार ५४ हजारांपर्यंत गेले. मजुरी मात्र कामगारांच्या हाती न पडता डॉलरच्या रूपाने उत्तरेच्या सरकारकडे जाई.

२०१३ साली उत्तरेने कामगार काढून घेतले. पाच महिन्यांनी वसाहत पुन्हा उघडताना, कोणत्याही परिस्थितीत काम थांबणार नाही, अशी लेखी हमी उभय पक्षांनी दिली. तरीही उत्तरेच्या अणुचाचणीनंतर व अग्निबाणानंतर १० फेब्रुवारी २०१६ रोजी दक्षिणेच्याच सरकारने वसाहत बंद केली. दुसऱ्याच दिवशी उत्तरेने दक्षिणेच्या माणसांना घालवून दिले व मालमत्ता गोठविली. यंत्रे आणि बराचसा तयार माल तेथेच राहिला. कारखानदारांना काही भरपाई मिळाली. परंतु तुटलेले गिऱ्हाईक कोणत्या भरपाईत बसते?

उधारीवर माल देताना मी प्रथम जामीन पाहतो. येथे जामीनच भांडणातले पक्षकार होते. चूक तेथे झाली.

तरीही तो उद्योग व्यर्थ होता, असे मी म्हणणार नाही. दोन वैरी राज्यांची माणसे अकरा वर्षे एका छपराखाली राबली, हे थोडे नव्हे. सीमेपार व्यापार अवश्य करावा. मात्र बुडाले तरी पेढी उभी राहील, एवढेच भांडवल तेथे गुंतवावे, अशी नम्र विनंती आहे.