कोणता मासा कोणासोबत राहतो? अमरावती-अकोल्यात फिश टँक घेण्याआधी हे समजून घ्या

"कावून मेले बाप्पा हे मासे? पानी तर कालच पुरं बदललं होतं!"

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याच्या मामांचा सकाळी सकाळी फोन आला. दोन फुटांची टाकी, त्यात दोन गोल्डफिश, सहा गप्पी, तीन टायगर बार्ब आणि एक एंजल. घेऊन जेमतेम दोन महिने झाले होते. गप्पींच्या शेपट्या आधीच कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. पाणी गढूळ झालं म्हणून मामांनी टाकी पूर्ण रिकामी केली आणि खडे घासून धुतले. नळाला त्या दिवशी पाणी आलं नव्हतं, म्हणून बोअरचं भरलं. सकाळी फक्त एक गोल्डफिश जिवंत होता. सहा वर्षांची मामेबहीण दिवसभर जेवली नाही.

मामांनी काही कमी केलं नव्हतं. उलट काळजीपोटीच सगळं केलं होतं. चूक दोन ठिकाणी होती. एक, ते मासे मुळात एकत्र राहणारे नव्हते. दुसरी, पाण्याचा हिशोबच कोणी त्यांना सांगितला नव्हता. हा हिशोब काय आहे, तो समजून घेऊ.

कम्युनिटी टँक म्हणजे काय?

वेगवेगळ्या जातींचे मासे एकाच टाकीत गुण्यागोविंदाने राहत असतील, तर तिला कम्युनिटी टँक म्हणतात. दुकानात मिळणारे बहुतेक रंगीत मासे उष्ण प्रदेशातल्या नद्या-ओढ्यांचे असतात. निऑन टेट्रा आणि एंजल दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातले, फायटर थायलंडच्या बाजूचा, टायगर बार्ब आग्नेय आशियातला. गप्पी हे नाव त्रिनिदाद बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी यांच्यावरून आलं. झेब्रा मासा मात्र आपला, भारतीय उपखंडातलाच आहे.

म्हणजे दुकानात शेजारी शेजारी दिसणारे मासे निसर्गात हजारो किलोमीटर लांब राहतात. त्यांना एकत्र आणताना पाच गोष्टी जुळतात का ते बघायचं: पाणी, तापमान, स्वभाव, आकार आणि टाकीतली जागा.

१. आधी पाणी बघा, मग मासा

वऱ्हाडात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. पण अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंनी खारपाण पट्टा पसरलेला आहे. तिथलं भूजल खारट आहे. त्यामुळे एकाच घरात नळाचं पाणी वेगळं आणि बोअरचं पाणी एकदम वेगळं असू शकतं.

पाण्यात विरघळलेले क्षार किती आहेत, यावर माशाच्या शरीरातला पाण्याचा आणि क्षारांचा तोल अवलंबून असतो. पाणी हळूहळू बदललं तर मासा जुळवून घेतो, पण एका रात्रीत बदललं तर त्याला धक्का बसतो. मामांच्या टाकीत हेच झालं.

दुसरा शब्द लक्षात ठेवायचा तो पीएच. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि वर अल्कधर्मी. आपल्याकडचं जड पाणी सहसा अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल मजेत राहतात. अंडी न घालता थेट पिल्लं देणारे हे मासे आहेत आणि त्यांना क्षारयुक्त पाणी मानवतं. निऑन टेट्रा आणि डिस्कस यांना मात्र मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं.

म्हणून मासे घेण्याआधी घरच्या पाण्याचा टीडीएस मोजून घ्या. आरओ दुरुस्तीवाल्याकडे त्याचं यंत्र असतंच. टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, पण पाण्यात एकूण किती काही विरघळलंय याचा अंदाज त्यावरून येतो. पीएच तपासायची छोटी किट मासे विकणाऱ्या दुकानात मिळते. टीडीएस खूप जास्त आला, तर नळाच्या पाण्यात थोडं आरओचं पाणी मिसळता येतं. निव्वळ आरओचं पाणी मात्र भरू नका. त्यात क्षारच उरत नाहीत, आणि मग पीएच स्थिर राहत नाही.

नळाला रोज पाणी येत नाही, ही आपली नेहमीची तक्रार. माशांच्या बाबतीत तिचा थोडा फायदाच होतो. ड्रममध्ये एक-दोन दिवस उघडं ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. ताजं नळाचं पाणी थेट टाकीत ओतायची वेळ आली, तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाकावेच लागतात.

२. मे महिन्याचा विचार जानेवारीत करा

अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे वेगळं सांगायला नको. बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना २४ ते २८ अंशांचं पाणी लागतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना साधारण साडेसात. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. मासे वर येऊन तोंड उघड-मीट करू लागले, तर त्यांना भूक लागलेली नसते. त्यांना श्वास पुरत नसतो.

गोल्डफिश या टाकीत का नको, याचं पहिलं उत्तर इथेच मिळतं. तो थंड पाण्याचा मासा आहे. त्याला १८ ते २२ अंश बरे वाटतात. शिवाय तो मोठा होतो आणि घाणही खूप करतो. गोल्डफिश पाळायचाच असेल तर त्याची टाकी वेगळी, मोठी आणि घरातल्या सगळ्यात गार खोलीत ठेवा. काचेच्या छोट्या भांड्यात तर कोणताच मासा नको.

उन्हाळ्यासाठी काही साधे उपाय आहेत. टाकी खिडकीपासून लांब, कुलरच्या खोलीत ठेवा. झाकणाऐवजी जाळी लावा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मात्र पाणी उडतं आणि क्षार टाकीतच राहतात. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज जड पाणी भरत गेलात, तर महिन्याभरात टाकी खारट होईल. त्यामुळे वरून भरायला आरओचं पाणी वापरा.

वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी हीटर हवा. एका लिटरला साधारण एक वॅट हा अंदाज पुरतो.

३. स्वभाव: कोण शांत, कोण खोडकर?

टायगर बार्ब दिसायला देखणा, पण स्वभावाने खोडकर. लांब शेपटी दिसली की तो ती कुरतडतो. दोन-तीनच ठेवले तर जास्तच. आठ-दहाच्या थव्यात ते बरेचसे आपापसांत गुंततात, तरीही गप्पी, एंजल आणि फायटर त्यांच्यासोबत ठेवू नयेत.

दोन नर फायटर एका टाकीत कधीच नको. नर गप्पीची रंगीत पसरट शेपटी पाहून फायटरला तो प्रतिस्पर्धी वाटू शकतो, म्हणून ही जोडीही टाळा.

ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांना कम्युनिटी टँकमधून आधीच वगळा. ऑस्कर फूटभर वाढतो. फ्लॉवरहॉर्न तर सहसा एकटाच ठेवावा लागतो.

आणखी एक गोष्ट. टेट्रा, झेब्रा, बार्ब, कोरीडोरस हे थव्याने राहणारे मासे आहेत. "प्रत्येकी दोन-दोन द्या" असं आपण दुकानात सहज म्हणतो, पण ते यांच्यासाठी जाचक असतं. एकटा पडलेला मासा घाबरून कोपऱ्यात लपतो किंवा चिडून दुसऱ्यांच्या मागे लागतो. एका जातीचे किमान सहा घ्या. पाच जातींचे दोन-दोन घेण्यापेक्षा दोन जातींचे सहा-सहा कधीही बरे.

४. तोंडात मावतो तो पोटात जातो

दुकानात मासा पिल्लू असताना विकला जातो. रुपयाच्या नाण्याएवढा एंजल वर्षभरात तळहाताएवढा होतो, आणि मग इतके दिवस शेजारी असलेले निऑन एक एक करून कमी होऊ लागतात. यात एंजलचा दोष नाही. लहान मासे खाणं हा त्याचा निसर्गच आहे.

काच साफ करतो म्हणून घेतला जाणारा सकर मासा तर दीड फुटापर्यंत वाढू शकतो. म्हणून दुकानात आधी विचारा, "हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?"

५. टाकीलाही मजले असतात

काही मासे वर फिरतात, काही मध्ये, काही तळाशी. झेब्रा आणि गप्पी बहुतेक वेळ वरच्या भागात, प्लॅटी आणि टेट्रा मध्ये, कोरीडोरस तळाशी. तिन्ही मजले वाटले गेले की गर्दी कमी वाटते आणि भांडणंही कमी होतात. कोरीडोरस घेणार असाल तर तळाला टोकदार खडे नकोत. त्याच्या मिशा जखमी होतात. बारीक वाळू घाला.

टाकी भरली, मग लगेच मासे का नाही सोडायचे?

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. टाकीत हळूहळू वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइटमध्ये, आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही साखळी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर राहतात. खडे घासून धुतले की तेही गेले.

वऱ्हाडात हा धोका जास्त आहे. अमोनियाचा घातक अंश पीएच आणि तापमानाबरोबर वाढतो. पीएच ७ वरून ८ झाला की तो साधारण दहापट होतो. म्हणजे जड पाणी आणि मे महिना एकत्र आले, की एरवी खपून जाणारी चूकही इथे जिवावर बेतते.

म्हणून हे नियम पाळा:

- सुरुवातीला चार-पाच काटक मासेच सोडा. बाकीचे टप्प्याटप्प्याने आणा.
- आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला. पूर्ण कधीच नाही.
- स्पंज नळाखाली नव्हे, टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा.
- दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य टाका.
- टाकीच्या खोलीत मच्छर अगरबत्ती किंवा फवारा नको. त्यातली औषधं माशांसाठी अत्यंत विषारी असतात, आणि एअर पंप तीच हवा पाण्यात सोडतो.

मग आपल्याकडे नेमके कोणते मासे घ्यावेत?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत साधारण ७० लिटर पाणी मावतं. वाळू-खडे वजा जाता ६० धरा. त्यासाठी दोन जुळण्या:

पहिली, जड पाण्यासाठी: सहा प्लॅटी आणि सहा झेब्रा. फिल्टर चांगला असेल आणि दोन-तीन महिने सगळं सुरळीत गेलं, तर तळासाठी चार-पाच ब्राँझ कोरीडोरस. प्लॅटीची शेपटी आखूड असते, त्यामुळे चपळ झेब्रासोबत तिचं जमतं.

दुसरी, सगळ्यात सोपी: आठ-दहा नर गप्पी. फक्त नरच का? कारण मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, आणि एकदा मिलन झालं की पुढे काही महिने नराशिवायही देऊ शकते. सहा महिन्यांत टाकी ओसंडून वाहील. प्लॅटीचंही असंच आहे, तेव्हा पहिल्या जुळणीतही सगळे नर घेतलेले बरे.

निऑनचा मोह सगळ्यांनाच होतो. पण जड पाणी आणि तापलेली टाकी, दोन्ही त्याला मानवत नाहीत. मऊ पाणी आणि गार खोली यांची सोय नसेल, तर तो दुकानातच पाहावा.

मासे घरी आणल्यावर पिशवी १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग अर्ध्या-पाऊण तासात थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत मिसळा आणि जाळीने फक्त मासा उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्यातून पांढऱ्या ठिपक्यांसारखा रोग येऊ शकतो.

नको झालेला मासा तलावात सोडला तर?

मासा मोठा झाला की अनेक जण पुण्य समजून तो तलावात सोडतात. वडाळी तलाव असो, छत्री तलाव असो की मोर्णा नदी, हे करू नका. सकर मासा असाच पाळीव टाक्यांतून बाहेर पडून पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात पसरला. वाराणसीजवळ गंगेतही तो सापडला आहे. तो स्थानिक माशांचं अन्न आणि जागा बळकावतो, आणि त्याचं अंग इतकं टणक आहे की जाळीही फाटतात. नको असलेला मासा दुकानदाराला परत करा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

मामांनी दिवाळीनंतर पुन्हा टाकी लावली. या वेळी पाच आठवडे ती जवळपास रिकामीच होती. मामेबहीण रोज विचारायची, "मासे कवा येतीन?" आता तिच्याकडे सहा प्लॅटी आणि सहा झेब्रा आहेत. शनिवारी दोन बादल्या पाणी बदलायचं काम तिचं आहे. आदल्या रात्री ड्रम भरून ठेवायचं काम मामांचं.