गेल्या सालची की यंदाची? बॅटरीवरच्या सायकलीची खरेदी

"अगं, या वयात सायकल?"

आमच्या ह्यांचे हे पहिले शब्द. दुसरे शब्द, "आणि तीही डोंगरावर चढवायची?"

डोंगरावर नाही हो, घरी! आमचं घर साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूला, म्हणजे चढावर. माझा शिवणवर्ग पोवई नाक्याच्या पुढं. सकाळी जाताना उतार असतो, म्हणून चालत जाते. दुपारी परत येताना मात्र चढ, डोक्यावर ऊन आणि हातात कापडाची पिशवी. गुडघे बोलायला लागलेत ते वेगळंच. रिक्षाचं रोजचं भाडं जीवावर येतं आणि स्कूटर शिकायची छाती नाही. सायकल मात्र मी लग्नाआधी सर्रास चालवत होते. सासरी आले, ती सुटली ती सुटलीच. गुडघ्यासाठी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चढ चढू नका, पण सायकल चालवा." आता साताऱ्यात चढ टाळून सायकल कुठं चालवायची?

तेव्हा बॅटरीवरची सायकल घ्यायचं मनानं घेतलं. त्यातही जाड टायरची, पुढे धक्के शोषणारी, गिअरची, म्हणजे दुकानात ज्याला 'माउंटन बाईक' म्हणतात ती. ही नटण्यासाठी नव्हे. आमच्या रस्त्यांवरचे खड्डे आणि चढ पाहिलेत त्यांना कारण सांगायला नको. माझ्या भिशीचे चाळीस हजार यंदा लागले होते. संसारात बाईच्या हातात तिचे म्हणून असे पैसे किती वेळा येतात? ते वाया गेले असते तर पुन्हा दहा वर्षं तोंड उघडायची सोय नव्हती.

दुकानात

दुकानदारानं दोन सायकली पुढं काढल्या. जवळजवळ जुळ्या बहिणी! एक गेल्या सालचं मॉडेल, छत्तीस हजार. दुसरी यंदाची, चव्वेचाळीस हजार. "वहिनी, नवंच घ्या, लेटेस्ट आहे," असं तो म्हणाला. आम्ही जुन्या सायकलीकडे वळलो तेव्हा म्हणतो कसा, "तसं काही नाही, फक्त रंग बदललाय." मग आठ हजार कसले, रंगाचे? हे म्हणाले, "जुनीच घे, आठ हजार वाचतील." मी म्हटलं, "थांबा. घरी जाऊ आधी."

थांबण्याला कारण होतं. आमच्या शेजारच्या वहिनींनी दोन वर्षांपूर्वी मुलासाठी अशीच उतरत्या किमतीची सायकल घेतली होती. सायकल कोरी करकरीत होती, पण महिन्याभरात बॅटरी सहा किलोमीटरवर मान टाकायला लागली. चौकशी केली तेव्हा कळलं, ती बॅटरी दीड वर्ष गोदामात चार्ज न करता पडून होती. हमी? ती म्हणे माल कंपनीतून निघाला त्या तारखेपासून! शेवटी साडेअकरा हजारांची नवी बॅटरी घ्यावी लागली. स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि नव्यापेक्षा महाग पडली.

भाचीनं सांगितलेली गोष्ट

माझ्या बहिणीची मुलगी जर्मनीत असते. ती आणि जावई दोघं सुटीच्या दिवशी डोंगरातून बॅटरीच्या सायकली हाकत असतात. तिला फोन केला. म्हणाली, "मावशी, साल बघू नकोस. सालात बदललं काय ते बघ."

मग तिनं उदाहरणच दिलं. तिकडे डोंगरी सायकलींना बॉश कंपनीच्या मोटारी खूप असतात. त्यांची चौथ्या पिढीची मोटार २०१९ साली बाहेर आली, ती २०२० च्या मॉडेलांसाठी. (मॉडेलचं साल आणि बनवल्याचं साल एक नसतं, हा पहिला धडा. तिकडे पुढच्या सालचं मॉडेल आदल्या उन्हाळ्यातच दुकानात येतं.) २०२१ च्या मॉडेलात मोटार तीच राहिली. तिचा जोर ७५ न्यूटन-मीटरवरून ८५ झाला, पण तो नुसत्या सॉफ्टवेअरनं. २०२० ची सायकल ज्यांच्याकडे होती त्यांनाही तो दुकानात जाऊन करून घेता आला. म्हणजे २०२० आणि २०२१ यांत जास्त पैसे मोजण्यासारखं फारसं काही नव्हतं.

२०२२ च्या मॉडेलांत मात्र कंपनीनं सगळी व्यवस्थाच बदलली. मोठी बॅटरी ६२५ वॅट-तासांची होती, ती ७५० ची झाली. आणि नवी बॅटरी जुन्या सायकलीला चालत नाही, जुनी नव्या सायकलीला चालत नाही. म्हणजे २०२१ ची सायकल घेणाऱ्यानं पुढं बॅटरी लागेल तेव्हा जुन्या जातीचीच शोधायची. पाचव्या पिढीची मोटार आली ती २०२४ साली.

"म्हणून मी २०२४ मध्ये २०२३ चं मॉडेल घेतलं," भाची म्हणाली. "व्यवस्था तीच, बॅटरी तीच. करोनात सायकलींना इतकी मागणी आली की कंपन्यांनी भरमसाट माल काढला, मग तो पडून राहिला. किमती उतरल्या, त्याचा फायदा मला झाला."

किती सोपी गोष्ट! आपण साडी घेताना पोत बघतो, पदर बघतो, रंग जाईल का विचारतो. गेल्या दिवाळीची आहे म्हणून टाकत नाही आणि यंदाची आहे म्हणून डोळे मिटून घेत नाही. सायकलीलाच तेवढं साल कशाला विचारायचं?

वहीत काढलेला हिशेब

दुसऱ्या दिवशी मी वहीच घेऊन बसले. दोन्ही सायकलींची माहितीपत्रकं आणली आणि एका बाजूला जुनी, एका बाजूला नवी असं लिहून काढलं. मोटार दोन्हीकडे २५० वॅटची, मागच्या चाकात बसवलेली. सांगाडा तोच, गिअर तेच. पॅडल फिरलं की मोटार चालू करणारा सेन्सर तोच. फरक दोनच निघाले. नवीला ब्रेक तेलाचे, जुनीला तारेचे (चकती दोन्हीला). आणि नवीची बॅटरी मोठी.

बॅटरी किती मोठी, ते कळायला एक साधा गुणाकार पुरतो. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. जुनी ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे २८०. नवी ३६ आणि १०.४, म्हणजे सुमारे ३७५. दुकानदार 'पन्नास किलोमीटर, साठ किलोमीटर' सांगतात ते सपाट रस्त्यावर, हलक्या माणसाचं, मोटारीची मदत कमीत कमी घेऊन. वॅट-तास मात्र खोटं बोलत नाहीत.

आता मला लागतं किती? पॅडल मारत गेलं तर सपाटीवर किलोमीटरला साधारण आठ-दहा वॅट-तास धरावेत. चढाचे वेगळे. मी आणि सायकल मिळून ८५ किलो धरलं आणि सगळा भार मोटारीवर टाकला, तर शंभर मीटर उंची चढायला सुमारे ३५ वॅट-तास लागतात. माझं जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर आणि एक चढ. सढळ हातानं धरूनही सव्वाशेच्या आत! म्हणजे लहान बॅटरीत माझे दोन दिवस निघतात. काही वर्षांनी तिचा दम तीस टक्के कमी झाला तरी रोजची फेरी अडत नाही. मोठी बॅटरी घेऊन मी काय करणार? रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणारीनं मात्र मोठीच घ्यावी. तिथं काटकसर करू नये.

विजेचं म्हणाल तर २८० वॅट-तासांची बॅटरी पूर्ण भरायला जेमतेम एक तृतीयांश युनिट लागतं. आपली इस्त्री त्याहून जास्त खाते.

ब्रेकचं आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "तेलाचे ब्रेक चांगलेच, हात कमी दुखतो. घाटात उतरणार असाल तर तेच घ्या. पण त्यातलं तेल काढून भरायला जाणता माणूस लागतो. तारेचे मी उभ्या उभ्या नीट करून देतो." मी यवतेश्वरच्या घाटात थोडीच जाणार होते! आपल्या गावात दुरुस्त होतं ते आपलं, असा मी विचार केला.

म्हणजे निकाल जुनीच्या बाजूनं लागला. फक्त एक गोष्ट सोडून, बॅटरीचं वय.

बॅटरीची जन्मतारीख

पुन्हा दुकानात गेलो. मी म्हटलं, "बॅटरी काढून दाखवा." खालच्या चिकटपट्टीवर बनवल्याचा महिना-साल होता. मोजले, तर एकोणीस महिने! "मधे चार्ज केली होती का?" म्हटल्यावर दुकानदार यांच्याकडे बघायला लागला.

लिथियमची बॅटरी नुसती ठेवली तरी म्हातारी होते, आणि पार उतरलेली ठेवली तर लवकर मरते. अर्धीअधिक चार्ज करून, थंड जागी ठेवली आणि अधूनमधून बघितली तर ती टिकते. पत्र्याच्या गोदामात दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीचा काय भरवसा? ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा घरं एकापुढे एक असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४२ व्होल्टच्या आसपास दाखवते. पण आकडा बरोबर आला म्हणजे दम आहेच असं नाही. तो चालवल्यावरच कळतो.

मी शांतपणे सांगितलं, "सायकल गेल्या सालची चालेल. बॅटरी या सालची हवी. हमी बिलाच्या तारखेपासून, आणि ती बिलावर लिहून. शिवाय ही जात अजून निघते ना, ते कंपनीला विचारून सांगा." दुकानदार म्हणाला, "वहिनी, असं कुणी मागत नाही." मी म्हटलं, "मग मी पहिली."

आठ दिवसांनी फोन आला. बॅटरी तीन महिन्यांपूर्वीची मिळाली होती, आणि यंदाच्या सायकलीची मोठी बॅटरीही याच खाचेत बसते असं कंपनीनं कळवलं होतं. दीड हजार जास्त पडले. साडेसदतीस हजारांत सायकल घरी आली, आणि उरलेल्या अडीच हजारांत हेल्मेट आणि जाड साखळीचं कुलूप.

खरेदीला निघताना

मैत्रिणींनो, माझ्या वहीतलं थोडं तुमच्यासाठी:

१. दोन्ही मॉडेलांतले फरक लिहून काढा. रंग, चित्रं, नाव यांना शून्य गुण. मोटार, बॅटरी, सेन्सर, ब्रेक यांना खरे गुण.

२. बॅटरी पुढं वेगळी विकत मिळेल का, आणि नव्या मॉडेलची जुनीला चालेल का, हे विचारा. चालत नसेल तर स्वस्तातली जुनी सायकल घेताना दहादा विचार करा.

३. सेन्सरमध्ये फरक असेल तर चढावर चालवून बघा. काही सायकलींत पॅडल नुसतं फिरलं की मोटार ओढते, काहींत पायाचा जोर ओळखून तेवढीच मदत मिळते. दुसरी जात चढावर जास्त सुखाची.

४. डोंगरी सायकलीचा मधला दांडा उंच असतो. त्यावर पाय टाकून दोन्ही पाय जमिनीवर टेकतात का ते बघा. साडीवर ती जमत नाही, पंजाबी ड्रेसच बरा. ओढणी मात्र गाठ मारून.

५. सायकल वीस-पंचवीस किलोची असते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर बॅटरी काढून नेता येते का ते पाहा. ती नेहमी सोबतच्याच चार्जरनं, डोळ्यांसमोर भरा. रात्रभर लावून झोपू नका आणि उन्हात ठेवू नका.

६. मोटार २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल तर आपल्याकडे लायसन्स आणि नंबरप्लेट लागत नाही. "वेग वाढवून देतो" असं कुणी म्हणालं तर हात जोडा. मग ती सायकल राहत नाही, कायद्यानं मोटारगाडी होते.

पहिल्या दिवशी दुपारी चढाला लागले तेव्हा छाती धडधडत होती. गिअर हलका केला, पॅडल मारलं, आणि मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी सायकल पुढं निघाली. घराच्या कोपऱ्यावर हे पिशवी घेऊन चालत येत होते. मी घंटी वाजवली आणि पुढं गेले.

संध्याकाळी चहा पिताना हळूच म्हणाले, "ती यंदाची अजून आहे का गं दुकानात?"

मी म्हटलं, "अहो, आधी वही काढा!"