पुळणीवरची मर्यादवेल

मर्यादवेल ही समुद्रकिनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत पसरणारी बहुवर्षायू वेल आहे. रताळ्याच्या भावकीतल्या या वेलीचे शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री. पान जाडसर, गुळगुळीत आणि शेळीच्या खुरासारखे दुभंगलेले. लिनियसने १७५३ मध्ये नाव देताना हेच लक्षण हेरले. जांभळट गुलाबी, नरसाळ्याच्या आकाराची फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटू लागतात. कोकण-गोव्याप्रमाणेच जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर ही वेल आढळते.

मर्यादवेल खारेपणा सोसते, हे खरे. पण कोकणात पावसाळा वरच्या वाळूतले बरेच मीठ धुऊन नेतो. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार मात्र वर्षभर पानांवर बसतात. मेणचट आवरण ते बरेचसे अडवते आणि आत शिरलेले मीठ पेशींतल्या रिक्तिकांमध्ये बाजूला साठवले जाते.

खारेपणाहून मोठे संकट म्हणजे गाडले जाणे. इतर बहुतेक झाडे सरकत्या वाळूखाली गुदमरतात. मर्यादवेल मात्र गाडलेल्या पेरांतून मुळे फोडते आणि शेंडा पुन्हा वर काढते. पानांशी वाऱ्याचा वेग मंदावतो, वाळू तिथेच पडते, वेल त्यावर चढते, पुन्हा वाळू साचते. वाळूच्या टेकडीची सुरुवात बहुधा अशीच होते. वादळी लाटा टेकडी कापतात, तेव्हा तिच्यातली वाळू पुळणीला परत मिळते आणि मागच्या माडांच्या वाड्यांना बसणारा मार कमी होतो. तुटलेल्या वेलीचे तुकडेही पुन्हा रुजतात.

बियांचे कवच कठीण व लवदार असते. बिया समुद्रात महिनोन्‌महिने तरंगतात आणि कवचाला चरा पडला, की पाणी आत शिरून अंकुरतात. १८८३ च्या ज्वालामुखी उद्रेकात क्राकाटोआ बेटावरची वनस्पतिसृष्टी नष्ट झाली. १८८६ मध्ये मेल्खिओर ट्रॉइब हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे पोहोचले, तेव्हा किनाऱ्यावर मर्यादवेल आलेली होती.

लाटांना पुरून उरणारी ही वेल गाड्यांच्या चाकांखाली मात्र टिकत नाही. सुरूच्या दाट सावलीतही ती खुरटते, कारण तिला भर ऊन लागते. त्यामुळे टेकडीच्या समुद्राकडच्या उतारावर सुरू लावणे चुकीचेच आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संवेदनशील वर्गात आहेत. पुळणीवर जाणाऱ्यांनी वाहने रस्त्यावरच ठेवावीत आणि ठरलेल्या पायवाटेनेच उतरावे.