लेक परदेशात, पासपोर्टवर नाव कुणाचं?

बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठका घेताना गेल्या दोन-तीन वर्षांत एक प्रश्न आमच्यापुढे वारंवार यायला लागलाय. हप्त्याचा हिशोब झाला, चहा झाला, की एखादी ताई हळूच मोबाइल पुढे करते. "लेकीचा मेसेज आलाय बघा. पासपोर्टची मुदत संपत आली, आता सासरचं नाव लावायचंय म्हणते. लग्नाचा दाखला पाठवा म्हणते. आमच्याकडं तर नुसती पत्रिका आहे!"

लेक दुबईत, लंडनला नाहीतर अमेरिकेत. तिचा अर्ज तिथल्या भारतीय दूतावासाकडे जाणार. पण निम्मे कागद निघायचे ते आपल्याच गावातून. म्हणून आज या विषयावर बोलू.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. लग्न झालं म्हणून पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे, असा कायदा नाही. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधानांनी मुंबईतल्या महिलांच्या एका कार्यक्रमात व्हिडिओवरून बोलताना हे जाहीरपणे सांगितलं होतं. माहेरचं नाव तसंच ठेवून मुदत वाढवता येते. नवऱ्याचं नाव पासपोर्टवर हवंच असेल, तर शेवटच्या पानावर पती किंवा पत्नीच्या नावाची वेगळी जागा असते. तिथं ते घालता येतं, आणि मुलीचं स्वतःचं नाव आहे तसं राहतं. आमच्या बैठकीत हे सांगितलं की निम्म्या जणी म्हणतात, "अगं बाई, हे तर कुणी सांगितलंच नव्हतं!" आणि एखादी सासूबाई म्हणते, "पण लोक काय म्हणतील?" विमानतळावरचा अधिकारी काही म्हणत नाही ताई. तो फक्त बघतो, की तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एकच आहे का.

आता बदलायचंच ठरलं, तर आपल्याकडे ते किती बदलतं ते बघा. दुसऱ्या काही प्रांतांत लग्नानंतर फक्त आडनाव बदलतं. आपल्या महाराष्ट्रात मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवरा येतो. पासपोर्टवर दोन रकाने असतात. एकात स्वतःचं नाव आणि मधलं नाव, दुसऱ्यात आडनाव. म्हणजे आपल्या मुलीचे दोन्ही रकाने बदलतात. परदेशातला कारकून गोंधळतो. त्याला वाटतं, ही बाईच वेगळी.

आणि काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायचं, मग सगळ्यांनी त्याच नावानं हाक मारायची. हौस म्हणून ठीक आहे. पण तेच नाव आधारवर चढवलं आणि पासपोर्टवर जुनं राहिलं, की पंचाईत होते. कारण लग्नाच्या दाखल्यावर आडनाव आणि मधलं नाव बदलून मिळतं, पहिलं नाव नाही. त्यासाठी नावबदलाची वेगळी प्रक्रिया आहे. राजपत्रात म्हणजे गॅझेटमध्ये प्रसिद्धी, किंवा प्रतिज्ञापत्र आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात असे कागद लागतात. मुलगी परदेशात असेल तर एक जाहिरात इथल्या पेपरात आणि एक ती राहते तिथल्या पेपरात द्यायला सांगतात. आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींचंच घ्या. माहेरच्या यमुना, माहेरचं आडनावही जोशी आणि सासरचंही जोशी. लग्नात यमुनाची आनंदी झाली. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. आजचे नियम असते तर आडनाव न बदलूनही त्यांचाच अर्ज सगळ्यात अवघड ठरला असता!

आता लग्नाच्या दाखल्याकडे येऊ. आमच्या मते सगळं घोडं अडतं ते इथंच. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं लग्नाची नोंदणी करायची असते. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत. नमुना 'ड' मध्ये अर्ज करायचा आणि नमुना 'ई' मध्ये दाखला मिळतो. मुदत लग्नापासून नव्वद दिवसांची. त्यानंतरही नोंदणी होते, पण जादा शुल्क भरून. नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी, सगळ्यांच्या सह्या लागतात. दोघं विमानात बसून गेल्यावर या सह्या कशा गोळा करणार? मग पुढच्या सुट्टीची वाट बघायची, आणि तोवर पासपोर्टची मुदत काही थांबत नाही.

आपल्या इंदापूरची द्राक्षं परदेशात जायची तर शेतकरी हंगामाआधीच बागेची निर्यातीसाठी नोंदणी करून घेतो. एक प्लॉटसुद्धा चुकत नाही. आणि लेक त्याच देशात राहायला निघते, तर तिच्या लग्नाची नोंद राहून जाते. मंडपाला लाखभर रुपये जातात, आणि शंभर-दोनशेत होणाऱ्या कामाला कुणाला वेळ नसतो. हे आम्हाला पटत नाही, म्हणून स्पष्ट बोललो.

दाखला घेताना ग्रामपंचायतीतच उभं राहून तपासा. त्यातलं मुलीचं माहेरचं नाव तिच्या जुन्या पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपण मराठीत 'भोसले' एकाच पद्धतीनं लिहितो, पण इंग्रजीत कुणी 'एस'नंतर 'ए' घालतं, कुणी घालत नाही. 'ज्योती'च्या शेवटी कुणाकडे 'आय', कुणाकडे 'वाय'. नवऱ्याच्या नावाचंही तसंच. त्याच्या पासपोर्टवर जे स्पेलिंग तेच दाखल्यात हवं, कारण नवं मधलं नाव आणि आडनाव त्यावरूनच ठरणार. जाताना दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स बरोबर न्या आणि बघून लिहायला सांगा. तोंडी सांगू नका.

दाखला नसेलच तर? पती-पत्नी दोघांच्या सह्यांचं, एकत्र फोटो लावलेलं संयुक्त घोषणापत्र हा पर्याय पासपोर्टच्या नियमांत आहे. पण त्या त्या दूतावासाची कागदांची यादी मुलीनं स्वतः बघावी आणि त्याप्रमाणेच जोडावं. कुणाच्या मावशीला काय लागलं होतं यावर विसंबू नये.

पासपोर्टच्या भाषेत या कामाला 'रिइश्यू' म्हणतात. मुदतवाढ आणि नावबदल दोन्ही एकाच अर्जात होतात, आणि जुनं पुस्तक रद्द करून नवं मिळतं. जुन्या पुस्तकावर हातानं दुरुस्ती होत नाही. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. शेवटच्या महिन्याची वाट बघू नये, कारण कितीतरी देश पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. अर्ज आत असताना भावाचं लग्न, डोहाळजेवण असलं काही ठरवून तिकिटं काढू नका. आयांनो, हे खास तुम्हाला सांगतोय. "चार दिवस तरी ये" असा आग्रह तेवढे दिवस नको.

मुलगी सुट्टीवर आलेली असेल तर तेच काम इथंही होतं. पुण्यात मुंढव्याला पासपोर्ट सेवा केंद्र आहे. छत्तीस पानांच्या पुस्तकाला साधी फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये. अर्ज फक्त सरकारी वेबसाइटवर, म्हणजे जिच्या पत्त्यात शेवटी 'गव्ह डॉट इन' येतं तिच्यावरच. सारख्या दिसणाऱ्या खोट्या साइट बऱ्याच आहेत. आणि या कामात कधी कधी गावच्या पत्त्यावर पोलीस चौकशी येते. तेव्हा घरात असेल त्यानं घाबरून "इथं कुणी राहत नाही" असं म्हणू नये. मुलगी अमुक देशात आहे, हा तिचा भारतातला पत्ता आहे, एवढं सरळ सांगावं. अर्जात माहेरचा पत्ता दिलाय की सासरचा, हे दोन्ही घरांना माहीत असू द्या.

नवा पासपोर्ट हातात आला की नंबर बदलतो, नावही बदललेलं असतं. मग तिथला व्हिसा, राहण्याचा परवाना, बँक, विमा, नोकरीचे कागद आणि इथलं पॅन, आधार, बँक खातं, सगळीकडे कळवावं लागतं. जुना रद्द झालेला पासपोर्ट परत मिळतो, तो जपून ठेवायचा. त्यात चालू व्हिसा असू शकतो, आणि दोन्ही नावं एकाच बाईची आहेत याचा तो पुरावाही असतो. आणखी एक. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईनं, म्हणजे दुबई-अबुधाबीच्या सरकारनं, पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली. आपल्याकडच्या काही वयस्कर बायकांच्या पासपोर्टवर नुसतं नाव असतं, आडनावाचा रकाना रिकामा. लेकीच्या बाळंतपणाला जायचं असेल तर तोही बघून घ्या.

आता जे बैठकीत मोठ्यानं कुणी विचारत नाही, ते बोलतो. पुढे संसार टिकला नाही तर? पासपोर्टवर चढलेलं नवऱ्याचं नाव नुसतं सांगून निघत नाही. घटस्फोटाच्या निकालाची कोर्टाची प्रत लागते, नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. खटला वर्षानुवर्षं चालतो, आणि तोवर तिची ओळख त्याच नावात राहते. आम्ही नाव बदलू नका असं म्हणत नाही. पण ज्या मुलीचं शिक्षण, पदवी, नोकरी सगळं माहेरच्या नावावर आहे, तिनं सहा महिन्यांत घाईनं बदलण्यापेक्षा पहिली मुदत संपेपर्यंत थांबलेलं बरं, असं आम्हाला वाटतं. मुदत दहा वर्षांची असते.

आणि पासपोर्ट राहायचा कुणाकडे? तिच्याकडे. कायद्यानं तो भारत सरकारच्या मालकीचा असतो आणि तिला वापरायला दिलेला असतो. सासरच्या कपाटात कुलूपबंद ठेवायला नाही. कुणी काढून घेतला तर तिथल्या पोलिसांत आणि भारतीय दूतावासात तक्रार करता येते. दूतावास भारतात एकदा परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं तक्रार पोर्टल आहे, आणि राष्ट्रीय महिला आयोगात परदेशी विवाहांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे. लेकीच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स आईजवळ असली, तर अशा वेळी इथून तक्रार करणं सोपं जातं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ज्यांची मुलगी किंवा सून परदेशात आहे, किंवा जायच्या तयारीत आहे, त्यांनी लग्नाच्या दाखल्याची आणि दोघांच्या पासपोर्टची झेरॉक्स घेऊन यावी. स्पेलिंग आपण सगळ्या मिळून ताडून बघू. ज्यांच्याकडे दाखलाच नाही, त्यांनी पत्रिका, लग्नातला दोघांचा फोटो आणि तीन साक्षीदारांची नावं लिहून आणावीत. मग नमुना 'ड' बैठकीतच भरून घेऊ.