सात मात्रांत हरवलेली सम

मुंबईच्या ‘कोशिश’ या बँडचा पहिला अल्बम ‘फिर्दौस’ २०१३ साली आला, तेव्हा त्यातली गाणी मुद्दाम उलटसुलट लावलेली होती. मुक्तीच्या शोधात निघालेल्या एका माणसाची ही गोष्ट. कुठला टप्पा आधी, कुठला नंतर, हे ऐकणाऱ्यानंच जुळवायचं. क्रम बरोबर लागला की ‘मुक्ती’ हे लपवलेलं गाणं हाती यायचं. पहिल्याच अल्बमला केवढी ही हिंमत! शब्द सगळे हिंदी.

रॉकच्या अशा घराण्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. मेटलची जाडजूड गिटार, साध्या रॉकची गुणगुणता येणारी चाल, मध्येच संथ, धूसर सूर, हे सगळं एकाच अल्बममध्ये नांदतं. कसं? माझ्या मते खरी जादू तालात आहे. नेहमीचं रॉक चार मात्रांत चालतं, मान आपोआप डोलते. आता सात मात्रांचं आवर्तन घ्या, आपल्या रूपक तालाएवढं. एक मात्रा सोडून एक, अशी मान हलवा: एक, तीन, पाच, सात. पुढच्या आवर्तनात तीच मान दोन, चार, सहावर पडते, पहिल्या मात्रेवरची सम निसटली! पण तिसरं आवर्तन सुरू होताच ती आपसूक सापडते. टेबलावर बोटानं करून बघाच. अमेरिकेच्या ‘टूल’ या बँडनं २००१ च्या ‘स्किझम’ या गाण्यात पाच आणि सात आलटूनपालटून घेतले. बेरीज बारा, म्हणजे थेट एकतालाइतकी.

वावरपासून मोखाड्यापर्यंतच्या आदिवासी पाड्यांवर तारपा हे फुंकवाद्य ऐकलेल्यांना ताल असा मध्येच बदलणं परकं वाटणार नाही. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा नाकानं श्वास ओढतानाही गालांतली हवा फुंकत राहतो, त्यामुळे सूर तुटतच नाही. नवा भात घरात आला की फेर धरला जातो. तारप्याची चाल बदलली, की कमरेला हात घालून नाचणाऱ्या सगळ्यांचे पाय बदलतात. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या धिंडा ही विद्या आयुष्यभर जपत आले.

तिथे अखंड सूर फेर सांभाळतो. ‘कोशिश’मध्ये ते काम बास आणि ड्रम करतात. बास वाजवणारे मंगेश गांधी स्वतःच गातात, म्हणजे गळा आणि पाया एकाच माणसाकडे. ‘फिर्दौस’मधलं ‘माया’ ऐकताना गिटारकडे लक्षच देऊ नका, हमझा काझींचे ड्रम तेवढे मोजा.